अनवाणी मोहना

८ डिसेंबर

आली! टेम्पोचं मागचं फळकूट खाली पडलं आणि आमची मोहना तिरुवलंचुळीच्या मातीवर उतरली. पांढरीशुभ्र, नाकपुड्या गुलाबी, आणि पापण्या अशा की माझ्या पार्लरातली एकही वधू हेवा केल्यावाचून राहायची नाही. मी तिथेच, गुरुमूर्तींच्या नारळीच्या बागेत, सगळ्यांदेखत रडले. गुरुमूर्ति म्हणाले, "अम्मा, घोडी आणलीत की मुलगी सासरी धाडलीत?"

वीस वर्षं कुंभकोणमच्या वधूंना मी सजवते आहे. वेणी मी घालायची, काजळ मी घालायचं, पायाची नखंसुद्धा मी रंगवायची, आणि फोटोला त्या जाणार दुसरीकडे. हल्ली प्रत्येकीला घोड्यावर बसून फोटो हवा असतो. म्हटलं, मग घोडीच आणू! तिरुनीलक्कुडीचा साईकुमार वरातींना घोडे पुरवतो. त्याच्या तबेल्यातली ही सगळ्यांत शांत. गुरुमूर्तींनी गोठ्याशेजारची पडवी दिली आहे, मागे अरसलार नदी, पलीकडे भाताची शेतं. जानेवारीच्या मध्याला थै महिना लागला की लग्नसराई. मी तयार आहे!

हे आले नाहीत. पितळी भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणाले. रविवारी कसलं गिऱ्हाईक? घरी परतल्यावर त्यांच्या घरच्या जुन्या तंजावरी मराठीत एवढंच म्हणाले, "घोडी कशास? मनुष्यें पोसतां पोसतां पुरे जालें." मुलगा विघ्नेश नोकरीला बंगळुरूला गेल्यापासून ह्यांचं बोलणं असंच, एखादं वाक्य, तेही भिंतीकडे बघून. मी लक्ष देत नाही. आज तर मुळीच देणार नाही. आज मोहना आली आहे!

११ डिसेंबर

कालव्याच्या रस्त्यावर मोहनाचा पुढचा नाल निघून पडला. खिळ्यांच्या भोकांपाशी खूर बिस्किटासारखा तुटलेला. साईकुमारला फोन केला तर म्हणाला, "अक्का, नालबंद बाहेरगावचा. पोंगल झाल्यावर येईल."

पापनाशमहून जनावरांच्या डॉक्टर पवित्रा आल्या. लहानखुऱ्या आहेत, पण मोहनाचा पाय उचलून मांडीवर घेतात तेव्हा ती निमूट उभी राहते. चारही खूर बघून त्यांनी उरलेले नालही काढून टाकले. म्हणाल्या, "ह्या कडांमध्ये नवे खिळे बसणार नाहीत. काही महिने अनवाणीच राहू दे. खूर नीट राखला तर पुष्कळ घोडे नालांवाचून छान चालतात. पण हिचे तळवे पातळ झालेत, सुरुवातीला दुखेल. मऊ जमिनीवर थोडं थोडं फिरवा आणि कडा कानशीने गोल करत राहा."

कानशीने! मी त्यांना अडवून म्हटलं, डॉक्टर, खूर म्हणजे शेवटी नखच ना? वीस वर्षं मी दुसरं केलंय काय?

"नखच आहे," त्या हसल्या, "फक्त ह्या नखांवर चारशे किलो उभे असतात. तळव्याला हात लावायचा नाही."

देवाने मला ह्याचसाठी पार्लर काढायला लावलं होतं, आज कळलं.

१४ डिसेंबर

पहिला खूर घासला! कानस माझ्या हाताएवढी लांब आहे. पवित्रांनी शेजारी उभं राहून करून घेतलं. पांढरा भुगा उडतो आणि त्याला जळक्या केसांसारखा वास येतो. तुटकी कड गोल झाल्यावर खूर असा दिसला की वर लाली लावावीशी वाटली. कंबर मोडली आहे. पाठीला तेल लावून घ्यायला ह्यांना हाक मारली तर हे म्हणाले, "तिजला लागलें तर नाहीं ना?" तिला? माझी पाठ मोडली आणि विचारणा घोडीची! बोलायचं म्हणून बोलतात काहीतरी.

१९ डिसेंबर

मोहना खडीवरून अशी चालते जसं चित्तिरैच्या भर उन्हाळ्यात दुपारी देवळाच्या तापल्या फरशीवरून आपण चालतो. पाऊल टेकलं की चटकन उचलते. बागेच्या फाटकापासून पडवीपर्यंत सगळी खडीच. मग मी आणि गुरुमूर्तींनी कडेने माती आणि नारळाच्या काथ्याचा भुगा टाकून तिच्यासाठी वेगळी पायवाट केली. त्या वाटेवर ती अगदी राणीसारखी येते. नदीकाठच्या वाळवट मातीवर तर मान उंचावून! पवित्रांनी सांगितलंय, खडी एकदम बंद करायची नाही, रोज जराशी, तिला झेपेल तेवढीच. तळवा जाड होत जातो.

आणखी एक नवल. ह्यांनी आजपासून सकाळी चालायला जायचं ठरवलं! गेल्या महिन्यात रक्तात साखर वाढलेली निघाली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, पण हे हलत नव्हते. पहाटे स्कूटर काढताना दिसले.

"चालायला स्कूटरवरून जाता?" मी विचारलं.

"नदीकांठीं हवा बरी असते."

असो. माणूस हलला हेच पुष्कळ!

२७ डिसेंबर

मोहना आज खडीवरून आपणहून आली! हळू, पण आली. मी टाळ्या वाजवल्या, गुरुमूर्तींच्या गाई दचकल्या.

घरात मात्र भांडण झालं. डब्यातली गुळाची ढेप अर्धी संपली. मार्गळी महिन्यात रोज देवाला नैवेद्य होतो हे कबूल, पण एवढा? ह्यांच्या सदऱ्याच्या खिशाला आतून गूळ चिकटलेला सापडला. साखर वाढलेला माणूस चोरून गूळ खातो! मी बोलले, बोलले, खूप बोलले. हे खाली मान घालून ऐकत होते. एकदा म्हणाले, "भुवना, मजला एक सांगावयाचें..." मी म्हटलं, सांगायचं काही नाही, आधी माझं ऐका! आणि बंगळुरूला फोन लावून विघ्नेशलाही त्यांना दटावायला लावलं.

सासूबाई जपमाळ ओढता ओढता म्हणाल्या, "तो गूळ खात नाहीं गो भुवने. खाणाऱ्याचें तोंड मजला ओळखूं येतें." मुलाची बाजू घेणारच. मी गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवला आहे.

३ जानेवारी

पहिलं बुकिंग आलं! शिवकामी नावाची मुलगी, वडिलांचा रेशमी साड्यांचा व्यवसाय, लग्न दोन फेब्रुवारीला. तिला लहानपणापासून पांढऱ्या घोड्यावर बसायचं आहे. मोहनाचा फोटो दाखवल्यावर ती खुर्चीतून उठलीच, अर्धवट केस तसेच! नदीकाठी फोटो, मग मांडवापर्यंत घोडीवरून. मी होकार देऊन टाकला. खूर? महिना आहे की हातात!

ह्यांच्या रक्ताचा रिपोर्टही आला. साखर उतरली! डॉक्टरांनी पाठ थोपटली. एवढा गूळ खाऊन साखर उतरते कशी? विज्ञानालाही काही गोष्टी कळत नाहीत. (वरच्या फळीवरचा डबाही हलका झाला आहे. शिडी घेऊन चढतात की काय ह्या वयात!)

१० जानेवारी

माझी स्कूटर दुरुस्तीला, म्हणून आज दुपारी ह्यांची निळी घेऊन बागेत गेले. फाटकापाशी पोचायच्या आतच मोहना खिंकाळली. अशी, की नदीपलीकडे ऐकू जावं! खाली उतरते तोच तिने माझ्या कमरेपाशी हुंगलं, दोन्ही बाजूंनी, मग स्कूटरच्या डिकीला नाक लावून उभी राहिली. किती माया करते ही माझ्यावर! माझ्या स्कूटरला मात्र कधी असं करत नाही. निळा रंग आवडत असावा. शिवकामीच्या फोटोला मागे निळी ओढणी धरायची, हे आत्ताच लिहून ठेवते.

गुरुमूर्ति ह्यांना ‘सार’ म्हणतात. आज म्हणाले, "अम्मा, सार..."

"काय झालं सारांना?"

"काही नाही. सार बरे आहेत ना?"

सगळ्यांना ह्यांचीच काळजी.

१५ जानेवारी

काय दिवस गेला! माट्टुपोंगल, गाईगुरांचा सण. गुरुमूर्तींच्या गाईंची शिंगं निळी-लाल रंगवली, गळ्यांत माळा. मोहनाला शिंगं नाहीत म्हणून मी तिच्या आयाळीत अबोलीच्या वेण्या माळल्या. अख्खी गल्ली लोटली होती. पानावर गोड पोंगल, गुळात शिजवलेला भात, तुपात निथळणारा. प्रत्येकाने घास भरवला, मीही भरवला. उसाचे करवे, केळी, परत वरून पोंगल. बांधावरचं कोवळं गवत तर इतकं हिरवंगार आहे सध्या, की तोंड वर काढायलाच तयार नाही. मी व्हिडिओ टाकला, तो सगळीकडे फिरतोय, आणखी तिघींनी चौकशी केली. माझं तर पोट आनंदानेच भरलं.

फक्त फाटकापाशी वळताना जराशी अडखळली. गर्दीने बावरली असेल.

१८ जानेवारी

मोहना हलत नाही.

पुढचे पाय लांब पुढे टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी आहे. तोल सांभाळत कुणी टाचांवर उभं राहावं तशी. हाक मारली तर कान हलवते, पाय नाही. खुरांना हात लावला तर चुलीवरच्या तव्यासारखे गरम. परवाच मी पुढचे खूर घासले होते. जास्त घासले. मीच केलं हे. नख आणि खूर एकच म्हणणारी मी. पवित्रा परगावी शिबिराला गेल्यात, उद्या सकाळी येतील.

१९ जानेवारी

माझी स्कूटर सुरू होईना. हेच मला घेऊन गेले. हे बागेत पहिल्यांदाच आले. वाट मात्र विचारली नाही, सरळ पडवीशी नेऊन उभं केलं.

पवित्रांनी मोहनाच्या खुराच्या वर बोटं ठेवून नाडी पाहिली. "फार जोरात उडतेय. अक्का, खुराच्या आत एक नाजूक थर असतो. बाहेरची भिंत आणि आतलं हाड तो बांधून धरतो. तो सुजलाय. वरून नख कडक, सुजेला जायला जागाच नाही. म्हणून एवढं दुखतंय."

"माझ्या कानशीने ना?" मी विचारलं आणि रडूच आलं.

"कानशीने असं होत नाही. हे खाण्यातून येतं. गोड फार झालं की घोड्यांना होतं. काय काय देता?"

"कुळीथ, गवत, पेंढा. पोंगलला मात्र सगळ्यांनी भरवलं."

"ते वाईटच झालं. पण ही आधीपासून खडीवर जरा दुखरीच चालत होती, ते मी नुसतं पातळ तळव्यांवर ढकललं. रोज कोणी गोड देतं का हिला?"

"छे! कोण देणार?"

गुरुमूर्ति मान खाजवत नारळाच्या शेंड्यांकडे बघू लागले. हे मटकन ओंडक्यावर बसले. चेहरा पांढरा पडलेला. साखर एकदम उतरली असणार, म्हणून मी पर्समधली लिमलेटची गोळी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती मुठीत धरून ठेवली, तोंडात घातली नाही.

पवित्रांनी इंजेक्शन दिलं. हिरवं गवत बंद, कुळीथ बंद. फक्त भाताचा पेंढा, तोही तासभर पाण्यात भिजवून, निथळून, म्हणजे त्यातली साखर निघून जाते. पडवीत वीतभर वाळू पसरायची आणि खूर दिवसभर बर्फाच्या पाण्यात ठेवायचे. ह्या दोन-तीन दिवसांतच काय ते ठरेल. आतलं हाड जागचं सरकलं तर ती पुन्हा चालेल की नाही सांगता येत नाही, म्हणाल्या.

घरच्या फ्रिजमधला आणि पार्लरातला बर्फ किती पुरणार? दुपारपर्यंत संपला.

२० जानेवारी

साईकुमार आला होता. मोहनाकडे बघून म्हणाला, "अक्का, वरातीच्या धंद्यात हे नेहमीचं. त्या दिवशी सकाळी दुखणं मारणारं इंजेक्शन टोचायचं. नालबंदाला मी आणतो, जाड नाल ठोकून देईल. दोन तास उभी राहील. फोटोत कोणाला कळतंय?"

मी 'नको' म्हणाले नाही. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहीन. शिवकामीचा खुर्चीतून उठलेला चेहरा डोळ्यांसमोर होता. पार्लरच्या दारावर लावलेला मोहनाचा मोठा फोटो डोळ्यांसमोर होता. दोनच तास, असं माझ्याही मनात आलं. "उद्या सांगते," म्हणाले.

हे कालपासून जेवले नाहीत. विचारलं तर म्हणतात भूक नाही.

२१ जानेवारी

आज काय झालं ते नीट लिहून काढते.

साईकुमारला काय सांगायचं ते ठरेना, म्हणून नेहमीपेक्षा लवकर बागेत गेले. फाटकाबाहेर निळी स्कूटर. पडवीतून आवाज येत होता. आमच्या घरचं बोलणं, सासूबाई बोलतात तसलं. मला वाटलं सासूबाईच आल्या की काय!

हे होते. वाळूत मांडी घालून बसलेले, मोहनाचा पाय घमेल्यात, आणि हे त्यावर थंड पाणी ओतत होते. आणि बोलत होते. एक वाक्य नव्हे! "काल विघ्नेशचा फोन आला. आईशीं बोलला, भुवनेशीं बोलला. मजला पुसलें, अप्पा बरे आहांत ना? म्हटलें, बरा आहे. पुढें काय बोलावें सुचलेंच नाहीं. फोन ठेवल्यावर सगळें सुचतें. दुकानांत बसून मनांतल्या मनांत त्याजशीं बोलतों. तुजशीं मात्र कसें सहज जमतें, पाहा. तूं ऐकतेस. आणि मी मूर्ख, तुजला रोज गूळ चारला. तुजला आवडतो म्हणून. मजला दुसरें कांही देतां येत नव्हतें म्हणून."

मी नारळीआड उभी.

मला राग आला. पण गुळाचा नाही. बावीस वर्षांच्या संसारात इतकी वाक्यं सलग माझ्या वाट्याला आली नव्हती. मला घोडीचा हेवा वाटला, हेही लिहून टाकते.

वाळलेली झावळी पायाखाली वाजली आणि ह्यांनी वळून पाहिलं. उठले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"डॉक्टरीणबाईंस सांग," म्हणाले. "रोज. येतांना गूळ, कधीं केळें. दुसऱ्या आठवड्यापासून. परवांच सांगावयास हवें होतें, जीभ उचलली नाहीं." मग माझ्या हातातला फोन स्वतःच घेतला. "नको, मीच सांगतों."

आणि ज्या माणसाला दुकानातून साधी ऑर्डर द्यायला जीव जातो, त्याने पवित्रांना तमिळमध्ये खणखणीत आवाजात सगळं सांगितलं. किती, कधीपासून, गुळाचा खडा केवढा. पलीकडून त्या म्हणाल्या ते मलाही ऐकू आलं: "सार, हे कळलं ते फार बरं झालं. कारण सापडत नसतं तर मला जास्त भीती होती. आता थांबवा आणि बर्फ कमी पडू देऊ नका."

फोन परत घेऊन मी साईकुमारला लावला. इंजेक्शन नाही, खिळे नाहीत, घोडी त्या दिवशी कुठेही जाणार नाही, म्हणाले. आवाज माझाही खणखणीतच निघाला!

शिवकामीला सांगणं अवघड गेलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "अक्का, तिला फार दुखतंय का?" 

२२ जानेवारी

ह्यांनी दुकानातून पायसम शिजवायची दोन मोठी पितळी पातेली आणली, खूर बुडवायला. मोहनाने पाय ठेवताच असा घणघणाट झाला की ती, हे आणि गुरुमूर्ति तिघेही मागे सरले. पुन्हा रबरी घमेली.

पण बर्फ! आज हे मासळीबाजारात गेले. सकाळी अंगाला गोपीचंदन लावून, विठ्ठलापुढे अभंग म्हणून, आमचे हे थेट मासळीबाजारात! मासेवाल्या बायकांनी चेष्टा केली म्हणे: स्वामी, आज काय घेणार, कोळंबी की वंजरम? ह्यांनी बर्फाच्या लाद्या पोत्यात गुंडाळून स्कूटरवर आणल्या. अंगाला मासळीचा वास. सासूबाईंनी दारातच थांबवलं, डोक्यावर पाण्याची घागर ओतली आणि म्हणाल्या, "आतां उद्यां पुनः जा."

मी पार्लरातल्या व्यायामाच्या जाड फोमच्या चटया कापल्या, खुराच्या मापाने, आणि चिकटपट्टीने चारही पायांना बांधल्या. मोहनाने एक पाय उचलला, टेकला, आणि जीभ बाहेर काढून चघळत राहिली. पवित्रा म्हणतात, बरं वाटलं की घोडे असं करतात!

२४ जानेवारी

खूर थंड! नाडी शांत! मी पवित्रांना मिठी मारली. त्यांच्या चष्म्याची काडी वाकली.

२ फेब्रुवारी

शिवकामीचं लग्न. मी तिला सजवलं. मोठ्या गाडीला फुलं लावून त्यातून ती मांडवात गेली. मला वाटलं होतं आज मी पडवीत तोंड लपवून रडेन. पण दुपारी मी पडवीत पोचले, हेही कामाच्या घाईत तिथे आले, मोहना पेंढ्यातून तोंड काढून दोन पावलं चालली, तेही न लंगडता, आणि मी सगळं विसरले.

१० फेब्रुवारी

पवित्रांनी जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजातून उचलून नेता येणारं एक्स-रे यंत्र मागवलं. पडद्यावर खुराच्या आतलं हाड दिसलं, चाफ्याच्या पाकळीएवढं नाजूक. सरकलेलं नाही! "थोडक्यात वाचली," त्या म्हणाल्या. "पण नवा खूर वरून खाली यायला जवळजवळ वर्ष जाईल. ह्या हंगामात पाठीवर कोणी बसायचं नाही. गोड तर जन्मभर नाही."

"जन्मभर?" ह्यांनी विचारलं. जणू त्यांनाच बजावलं होतं.

मी कानस पुन्हा हातात घेतली आहे. थोडं, पण वरचेवर. आता हे पाय धरतात आणि मी घासते. कंबर कमी मोडते.

२५ फेब्रुवारी

जरा धीर सुटला होता. गेल्या आठवड्यात गुरुमूर्तींचं वासरू पेंढ्यावरून ढुशी मारायला आलं, मोहना झटकन वळली आणि पुन्हा दोन दिवस दुखरी झाली. मी घाबरून पवित्रांना दिवसातून इतक्यांदा फोन केले की शेवटी त्यांच्या आईनेच उचलला. पण उतरलं. आज काथ्याच्या वाटेवरून सरळ, एका तालात, फोमशिवाय. अनवाणी!

९ मार्च

आज!

मेट्टूर धरणाचं पाणी बंद होऊन महिना झाला, अरसलार आटली आहे. काठापासून काठापर्यंत नुसती मऊ वाळू. पवित्रांनी सकाळी चिमट्याने चारही खूर दाबून पाहिले. मोहनाने शेपटीने माशी हाकलली, बस. "आज मोकळी सोडा," म्हणाल्या. "धावायचं की नाही ते तीच ठरवेल."

पात्रात उतरलो. दोर ह्यांच्या हातात. सोडवेना.

"गेली तर?" हे म्हणाले.

"वाळू संपेपर्यंत जाईल. सोडा!"

सोडला. मोहना क्षणभर तशीच उभी राहिली. मग खाली बसली, पाठीवर पडली, चारी पाय आभाळात, अशी लोळली की पांढरी घोडी मातकट झाली! उठली, अंग झाडलं, दोन पावलं चालली, आणि धावली. दुडक्या चालीने, मान वर, शेपूट वर, वाळूवर अगदी हलका आवाज करत, पुलाच्या दिशेने. मी ओरडले. गुरुमूर्ति काठावरून ओरडले. पवित्रांनी चष्मा काढून पुसला.

हे वहाणा काढून तिच्यामागे धावत सुटले! धोतर एका हातात धरून. मग दमून वाळूत बसले, हसत. ह्यांचं एवढं हसू मी कधी पाहिलं ते आठवत बसले नाही, धावत जाऊन शेजारी बसले.

मला कितीतरी सांगायचं होतं. वधूने घोडीवर बसायलाच हवं असं कुठे आहे, वाळूत तिच्या शेजारी उभी राहिली तरी केवढा सुंदर फोटो, शिवकामी नवऱ्याला घेऊन येत्या रविवारी यायचं म्हणतेय, पावसाळ्यानंतर... सगळं जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात हे म्हणाले, "विघ्नेश लहान असतां त्यास येथेंच आणीत असें. तुजला ठाऊक नाहीं. दुकान लवकर बंद करून. एके दिवशीं काय जालें..."

दूरवर मोहना पुलाखाली वळली आणि पुन्हा आमच्याकडे यायला निघाली. मी तिच्याकडे पाहत राहिले आणि एक अक्षर बोलले नाही.